कृष्णेची मर्यादा कोणी ठरवायची?

कृष्णेच्या पाण्याचा हिशोब सातारा-सांगलीला नवा नाही. बच्छावत लवादाने १९७३ साली महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले आणि तेव्हापासून टीएमसी हा शब्द इथल्या चावडीवरचा झाला. कोयनेत साठा किती उरला, विसर्ग किती क्युसेकने चालू आहे, टेंभूचे पाणी कुठवर आले, म्हैसाळचे आवर्तन कधी सुटणार, हे जत-आटपाडीचा माणूस तोंडपाठ सांगतो. २०२३ च्या अखेरीस सांगलीकडे कृष्णेचे पात्र कोरडे पडू लागले, तेव्हा कोयनेतून पाणी सोडण्यावरून दोन्ही जिल्ह्यांचे पुढारी समोरासमोर आले. पाणी किती मिळावे यासाठी आपण मोर्चे काढले, ठिय्या दिला, लवादापुढे गेलो, आणि त्यातून बरेच काही पदरात पाडूनही घेतले.

त्याच पाण्यात रोज किती घाण मिसळली तर नदीला ती पेलवेल, आणि मिसळण्याचा वाटा कोणाला किती, या प्रश्नावर मात्र तसे भांडण झालेले नाही. ते व्हावे, आणि मुद्द्याला धरून व्हावे, यासाठी पुढील पाने आहेत. प्रदूषणाची मर्यादा प्रयोगशाळेत तयार होते आणि आपण ती फक्त पाळायची किंवा मोडायची, असे आपण धरून चाललो आहोत. तिचा एक भाग खरोखरच शास्त्राचा आहे. पण ही नदी आपल्याला कशासाठी हवी, हे शास्त्र सांगत नाही. ते काठावरच्या लोकांनी सांगायचे असते, आणि त्यांना न विचारता घातलेली मर्यादा कागदावर राहते.

महाराष्ट्राने या बाबतीत सुरुवात लवकर केली होती. जलप्रदूषणाविरुद्धचा राज्याचा कायदा १९६९ चा, केंद्राचा १९७४ चा. प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून आहे. पुढे नदीचे टप्पे पाडून वर्ग ठरले, काठापासून किती अंतरावर कोणता उद्योग चालेल याचे धोरण आले, आणि २०१५ साली ते धोरण रद्दही झाले. धोरण आले तेव्हा वाळवा किंवा पलूस तालुक्यातल्या एखाद्या गावाला कोणी त्याबद्दल विचारले नव्हते. रद्द झाले तेव्हाही विचारले नाही.

केंद्रीय मंडळाची पाण्याची वर्गवारी पाहिली की निवडीचा प्रश्न कुठे दडला आहे ते लगेच दिसते. पाण्याचा उपयोग कोणता, यावर वर्ग ठरतो. नदीत उतरून स्नान करायचे असेल तर लिटरमागे बीओडी ३ मिलिग्रॅमच्या वर नको आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम हवा. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्म जीव जेवढा प्राणवायू वापरतात त्याचे माप. शुद्धीकरण करून नळाला द्यायचे असेल तर बीओडीची अट तीच, प्राणवायू मात्र ४ चालतो. मासे जगवायचे तर प्राणवायू ४ हवा आणि अमोनिया मर्यादेत हवा. आणि फक्त शेतीला द्यायचे असेल तर बीओडीची अटच नाही. तिथे क्षार, सोडियम आणि बोरॉन तेवढे बघायचे.

आता ही वर्गवारी घेऊन नदीकाठाने खाली येऊ. वाईत कृष्णामाईचा उत्सव घाटाघाटावर होतो. तिथल्या माणसाच्या मनातली नदी स्नानाची आहे. माहुलीला वेण्णेच्या संगमावर, कराडला कोयनेच्या प्रीतिसंगमावर, औदुंबरला दत्ताच्या पायरीवर तीच अपेक्षा. भिलवडीचा भोई पहाटे जाळे टाकतो. त्याला प्राणवायू हवा, आणि तो पहाटेच हवा, कारण रात्रभरात पाण्यातला प्राणवायू सगळ्यात खाली गेलेला असतो. सांगली-मिरजेच्या घरांना नळाचे पाणी हवे. वाळव्याच्या ऊसवाल्याला मोटरीला पाणी लागले म्हणजे झाले, त्याच्या दृष्टीने शेवटचा वर्गही पुरतो. तेच कवठेमहांकाळच्या द्राक्षबागायतदाराला विचारून बघावे. म्हैसाळ योजनेतून बागेला आलेल्या पाण्यात क्षार किती, यावर त्याचा जीव टांगलेला असतो.

या पाचसहा माणसांच्या पाच नद्या आहेत आणि पात्र एकच आहे. कोणता वर्ग लावायचा याचा निर्णय म्हणजे यातल्या कोणाचे म्हणणे धरायचे याचा निर्णय. तो तांत्रिक बाब म्हणून घेतला की कोणाचे म्हणणे सोडले, हे कुठेच नोंदले जात नाही.

मर्यादा कशात मोजायची, हा यातला दुसरा प्रश्न. माझ्या मते सगळ्यात कमी बोलला गेलेला. आपल्याकडे मर्यादा सोडणाऱ्याच्या नळीच्या तोंडाशी लावली जाते, लिटरमागे इतके मिलिग्रॅम अशी. साखर कारखान्याने नदीत सोडायचे पाणी बीओडी ३० च्या आत हवे, आणि २०१६ च्या नियमाप्रमाणे एक टन ऊस गाळला तर २०० लिटरच सांडपाणी बाहेर पडायला हवे. शहराच्या सांडपाण्यालाही बहुतेक ठिकाणी असाच ३० चा आकडा लावला गेला. आकडा चांगला आहे. पण नदीला मिलिग्रॅम कळत नाहीत, तिच्यावर किलो पडतात.

हिशोब करून बघू. एखादे शहर दिवसाला १ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करून, नियम तंतोतंत पाळून, ३० मिलिग्रॅमला नदीत सोडते. दिवसाचा भार झाला ३०० किलो. एप्रिलमध्ये पात्रातून सेकंदाला १ घनमीटर, म्हणजे सुमारे ३५ क्युसेक पाणी वाहते आहे असे धरू. ते दिवसाला ८ कोटी ६४ लाख लिटर होते. स्नानायोग्य ३ मिलिग्रॅमच्या आत राहायचे तर हा प्रवाह जेमतेम २६० किलो पेलतो, तेही वरून आलेले पाणी अगदी निर्मळ असेल तर. म्हणजे एकट्या शहराने, एकही नियम न मोडता, नदी अपात्र करून टाकली. खालच्या दुसऱ्या शहराचा हिशोब अजून व्हायचाच आहे. हेच शहर तेवढेच पाणी ऑगस्टमध्ये सोडेल तर नदीला पत्ताही लागणार नाही.

आणि मळीपासून अल्कोहोल करताना निघणाऱ्या स्पेंटवॉशचा बीओडी ४० हजारांच्या आसपास असतो. त्याचा १० हजार लिटरचा एक टँकर रात्री ओढ्यात रिकामा झाला तर ४०० किलो. त्या शहराच्या दिवसभराच्या भारापेक्षा जास्त. आसवनीचा थेंबही नदीनाल्यात पडू नये असे देशाने उद्योगांसाठीच्या २००३ च्या सनदेत ठरवले ते याच कारणाने. गाळप हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होऊन फाल्गुन-चैत्रापर्यंत चालतो, आणि नदी नेमकी त्याच महिन्यांत आटत जाते. बंधाऱ्यांना बरगे घातलेले असतात, पाणी तुंबलेले असते. कोयनेचे ६७.५ टीएमसी पाणी विजेसाठी पश्चिमेला वळवण्याची मुभा लवादाने दिलेली आहे, म्हणून पातळ करायला पूर्वेकडे किती पाणी येणार हेही दुसऱ्याच हिशोबावर ठरते. नदीची पेलण्याची ताकद महिन्यागणिक बदलते आणि आपला नियम बाराही महिने एकच.

मार्च २०२३ मध्ये अंकलीजवळ कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला. प्रदूषण मंडळाने कारवाई केली, प्रकरण हरित लवादाकडे गेले. त्या बातम्यांत एक गोष्ट हरवली. नदीत घाण पडते त्या ठिकाणी प्राणवायू तळाला जातोच असे नाही. घाण वाहत जाते, कुजत जाते, आणि प्राणवायूचा खड्डा बऱ्याचदा काही किलोमीटर खाली पडतो. स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी ओहायो नदीवर काम करून १९२५ साली हे गणितात मांडले, आणि आजही नदीचा अभ्यास तिथूनच सुरू होतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की घाण सोडणाऱ्याच्या शेजाऱ्याला काही दिसत नाही आणि मासे मरतात ते खालच्या गावात. तक्रार करणारा एका तालुक्यातला, सोडणारा दुसऱ्या तालुक्यातला, कधी दुसऱ्या जिल्ह्यातला. म्हणून हा विषय एकेका ग्रामपंचायतीने किंवा महापालिकेने सुटत नाही. खोरे हेच त्याचे एकक आहे.

खोऱ्याची पेलण्याची ताकद किलोत ठरली की तिचे वाटप आले. इथे खरी घासाघीस आहे. सगळ्यांनी आपापला भार सारख्या टक्क्यांनी कमी करावा, हा एक मार्ग. वरवर न्याय्य दिसतो. पण कराडने सांडपाण्यावर आधीच खर्च केला आहे, त्यालाही तेवढेच टक्के लावले तर आधी काम करणाऱ्याला शिक्षा होते. सगळ्यात स्वस्तात जिथे कमी होईल तिथे कमी करावे, हा दुसरा मार्ग. त्यात एकूण खर्च वाचतो, पण बोजा एखाद-दुसऱ्यावर पडतो. ज्याची घाण जास्त त्याने जास्त भरावे, हा तिसरा. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या कायद्यात प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी हे तत्त्व लिहिलेलेच आहे. आणि शेतातून झिरपणाऱ्या खताचे काय? मिरज-वाळव्यात हजारो एकर जमीन क्षारपड झाली, तिचा निचरा करायचा म्हणजे ते खारे पाणी शेवटी ओढ्याने नदीलाच येणार. त्या शेतकऱ्याच्या नावावर किती किलो मांडायचे? एकही मार्ग निव्वळ गणिताने निवडता येत नाही.

दुसऱ्यांनी हे कसे केले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत डेलावेअर नदीच्या खाडीवर १९६६ साली एक अभ्यास पुरा झाला. तज्ज्ञांनी एकच आकडा पुढे केला नाही. आहे ती स्थिती टिकवण्यापासून ते नदी पुरेपूर सुधारण्यापर्यंत पाच पर्याय मांडले आणि प्रत्येकाची किंमत सांगितली. कारखानदार, स्थानिक संस्था, मासेमारी-करमणूक-निसर्ग पाहणारे लोक आणि सर्वसाधारण नागरिक, अशा चार गटांशी सल्लामसलत झाली. १९६७ मध्ये नदी आयोगाने उद्दिष्ट ठरवले आणि पुढच्या वर्षी प्रत्येक सोडणाऱ्याला दिवसाचा वाटा वजनात नेमून दिला. १९७२ च्या त्यांच्या कायद्याने दिवसाच्या एकूण भाराची ही कल्पना देशभर नेली. २०१० साली चेसापीक उपसागरासाठी सहा राज्ये आणि राजधानीचे शहर यांच्यात असे वाटप झाले. तिथे सारे काही साधले असे नाही, शेतीतून येणारा भार आजही त्यांना छळतो. पण लोकांपुढे पर्याय आणि किंमत दोन्ही ठेवून मग विचारायचे, ही रीत घेण्यासारखी आहे.

आपल्याकडे कोणाला विचारतात? १९७४ च्या कायद्यात राज्य मंडळावर शेती, मच्छीमारी, उद्योग, व्यापार आणि इतर सगळे हितसंबंध मिळून जास्तीत जास्त तीन बिगरसरकारी माणसे नेमायची तरतूद आहे. सगळ्या महाराष्ट्रासाठी तीन. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये हरित लवादाने देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांसाठी राज्यांना नदी पुनरुज्जीवन समित्या नेमायला सांगितले. त्यात महाराष्ट्राचे पट्टे ५३, देशात सर्वांत जास्त. समिती चार जणांची: पर्यावरण, नगरविकास आणि उद्योग या खात्यांचे संचालक, आणि मंडळाचे सदस्य-सचिव. शेती नाही, मच्छीमार नाही, धरणातून पाणी सोडणारे जलसंपदा खातेसुद्धा नाही. आदेशाचा हेतू चांगला होता आणि त्याने कामाला वेग आला हेही खरे. पण नदीचा कोणता उपयोग धरायचा हे त्या चौघांनी ठरवायचे म्हटल्यावर भोयाने जायचे कुठे?

लोकांना विचारा, हे म्हणणे सोपे आहे. सातारा-सांगलीत त्याची एक खास अडचण आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. इथले साखर कारखाने बरेचसे सहकारी. नदीकाठचा ऊसवाला हा कारखान्याचा सभासद. ज्याच्या विहिरीला ओढ्यातून मळीचा वास येतो तोच त्या कारखान्याचा मालक आहे, आणि तिथला संचालक बहुधा त्याच्या भावकीतला किंवा सोयऱ्यातला. कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा दरावर तापते, उताऱ्यावर तापते, काटामारीवर तापते. सांडपाणी प्रकल्पावर किती खर्च झाला हा विषय सहसा चहापर्यंतही पोचत नाही. या माणसाला नुसते विचारले की तुम्हाला नदी स्वच्छ हवी का, तर तो हो म्हणेल, आणि तो खरेच बोलत असेल. विचारायचे ते असे: नदी या वर्गात आणायला टनामागे इतके रुपये कमी मिळतील, चालेल का? या प्रश्नाचे उत्तर काय येईल ते कोणी गृहीत धरू नये. ज्या शेतकऱ्याने बांधावरची क्षारपड बघितली आहे, त्याचे उत्तर पुढाऱ्याच्या अंदाजापेक्षा वेगळे निघेल, असे मला मनापासून वाटते.

काही जणांना तर विचारायचे सुचतही नाही. बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून येणाऱ्या ऊसतोड टोळ्या हंगामभर कारखान्याभोवती आणि फडाकडेला कोप्या घालून राहतात. नळ नसेल तिथे त्यांची बायका-मुले ओढ्या-कालव्याचे पाणी भरतात. नदी सगळ्यात वाईट असते त्या महिन्यांत तिच्याशी सगळ्यात जवळचा संबंध त्यांचा, आणि त्यांचे नाव इथल्या मतदारयादीत नाही. आटपाडी माणगंगेच्या, म्हणजे भीमेच्या उपखोऱ्यात, पण टेंभूने तिथे कृष्णेचे पाणी नेले. उपसा योजनांनी खोऱ्याची हद्द ओलांडली, तेव्हा मत विचारण्याची हद्दही ओलांडावी लागेल. खाली नृसिंहवाडी आहे, राजापूर बंधारा आहे आणि त्यापलीकडे कर्नाटक आहे.

विचारण्याची रीतही साधी ठेवता येते. गावोगावच्या अभ्यासगटांनी वापरलेली एक पद्धत आहे: प्रत्येकापुढे शंभर चिंचोके ठेवायचे आणि पिणे, स्नान, मासे, शेती, कारखाना अशा खुणांवर वाटायला सांगायचे. कोण कशाला किती महत्त्व देतो ते डोळ्यांसमोर येते, लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही भाग घेता येतो, आणि बायकांचा गट वेगळा बसवला तर बहुधा वेगळेच चित्र निघते. फक्त ही वाटणी एकत्र करून तिची सरासरी काढू नये. भोई थोडे, ऊसवाले फार. सरासरीत मासे बुडतील. गटागटाचे म्हणणे वेगळे मांडायचे, कोणता पर्याय कोणाला अगदीच सोसणार नाही ते पाहायचे, आणि तिथून बोलणी सुरू करायची. काही गोष्टी या बोलण्यांच्या बाहेरच ठेवाव्या लागतील. पिण्याच्या पाण्यात रोगजंतू किती चालतील, हे चिंचोक्यांनी ठरत नाही.

हे इथे जमणार नाही असे कोणी म्हणेल, तर त्याने सांगली जिल्ह्याकडेच बघावे. खानापूर तालुक्यात बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी येरळेवर बळीराजा धरण उभे केले ते १९८० च्या दशकात. नदीतली वाळू मर्यादेत विकून पैसा उभा केला आणि पाणी जमिनीच्या एकरावर न वाटता माणसांच्या हिशोबाने, भूमिहीनांनाही धरून, वाटायचे ठरवले. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषद भरू लागली. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसे तिथे बसून समन्यायी वाटपाचे गणित मांडत होती. त्या परिषदेला आलेला शेतकरी किती घनमीटर पाणी हवे हे बोलत होता. त्याला किलोत बीओडी समजणार नाही, असे मानायला काहीही आधार नाही.

न विचारण्याची किंमत शेजारीच दिसते. पंचगंगा बिघडली. २०१२ मध्ये तिच्या काठच्या इचलकरंजीत काविळीची साथ आली आणि माणसे दगावली. शहराने वारणेचे पाणी मागितले तेव्हा दानोळीसह वारणाकाठ रस्त्यावर उतरला. मग दूधगंगेचे मागितले, तिथेही तेच झाले. त्या गावांना इचलकरंजीचा द्वेष नव्हता. त्यांचा सवाल होता की स्वतःची नदी तुम्ही सांभाळली नाहीत, आता आमच्यावर का? सांगलीतही कृष्णेऐवजी वारणेतून पाणी आणावे ही मागणी वारंवार होते. शेरी नाल्याचे पाणी उचलून धुळगावला नेऊन शुद्ध करून शेतीला द्यायची योजना कागदावर अतिशय शहाणपणाची आहे, पण पंप थांबले की नाला पात्रात येतो आणि शहराला पुन्हा दुसऱ्या नदीची आठवण होते.

कामाला सुरुवात करायची तर पहिली बैठक कराडला, दसऱ्याच्या आगेमागे, कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाआधी घ्यावी. वाईपासून म्हैसाळपर्यंतच्या नगरपालिका, महापालिका, कारखान्यांचे दोन-दोन सभासद (संचालक नव्हेत), पाणीवापर संस्था, भोई समाज, घाटांवरची मंडळी, ऊसतोडीचा एखादा मुकादम आणि दोन मजूर बायका, जलसंपदा आणि मंडळाचे अधिकारी. पुढ्यात एकच तक्ता ठेवायचा: नोव्हेंबर ते मे, महिन्यागणिक नदीत किती पाणी असेल, ते किती किलो पेलेल, आणि आज कोण किती सोडतो. तिसरा रकाना आज पुरा भरता येणार नाही, कारण तो आजवर कोणी मागितलेला नाही. तो प्रत्येकाने आपल्या हाताने, इतरांच्या देखत भरावा.